फोंताइन्हासच्या गल्लीत किती माणसं मावतात?

मळ्याची लेक | रविवार, रात्री ९.४०

गेल्या रविवारी सकाळी आठच्या सुमारास आईने दार उघडलं, तर आमच्या पायरीवर लाल झग्यातली एक मुलगी बसलेली. समोर नवरा मुलगा, चंदेरी पडदा धरलेली दोन पोरं आणि रस्त्यात गुडघे टेकून बसलेला फोटोवाला. लग्नाआधीचं शूट. आईला वाटलं, आता उठतील. फोटोवाल्याने वर बघितलं आणि म्हणाला, "आंटी, ती दोरीवरची साडी जरा काढा ना, फ्रेममध्ये येते." आईने काढली. ७८ वर्षांची बाई स्वतःच्या सज्ज्यातली स्वतःची ओली साडी गोळा करून आत आली आणि तिने ती खुर्चीच्या पाठीवर पसरली. दिवस ढगाळ होता. संध्याकाळपर्यंत साडी सुकली नाही, कुबट वास धरला. मी घरी नव्हते. रात्री मी विचारलं, वास कसला येतोय, तेव्हा हे सगळं कळलं. तिने आपणहून सांगितलंच नसतं.

आमचं घर पणजीत, फोंताइन्हास आणि मळा या जुन्या वस्त्यांच्या सीमेवर, सां सेबास्तियांव कपेलापासून (छोट्या चर्चपासून) हाकेच्या अंतरावर. वडिलांनी लग्नानंतर भाड्याने घेतलं, तेव्हापासून आम्ही तिथेच. ज्यांनी हा भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. एका बाजूला आल्तिनोची टेकडी, दुसऱ्या बाजूला रुआ दे ओरेमची खाडी, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत सगळी वस्ती. अठराव्या शतकाच्या अखेरीस मोझांबिकहून परतलेल्या एका धनिकाने, लोक त्याला 'मोसमीकार' म्हणत, इथली दलदल भरून माड लावले. पुढे जुनं गोवें ओस पडलं, १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली आणि माडांच्या बागेत घरं उठली. टेकडीच्या पायथ्याला झरा आहे, नाव त्यावरून पडलं. कपेल १८८० चं. गल्ल्या माणसांच्या पावलांच्या मापाने आखलेल्या.

२०२४ मध्ये गोव्यात एक कोटीहून अधिक पर्यटक आल्याचं सरकारी आकडेवारी सांगते. २०११ च्या जनगणनेत आम्ही सगळे गोंयकार मिळून १४ लाख ५८ हजार. एक कोटीतले सगळे आमच्या गल्लीत येत नाहीत हे मला कळतं. पण जे येतात ते सगळे त्याच चार भिंतींसमोर उभे राहतात. निळी, पिवळी, लाल, आणि कोंबड्याची टाईल असलेली.

पुढच्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या लोकांची बैठक आहे. "पर्यटक नकोत" असं म्हणायला मला तिथे जायचं नाही. माझे वर्गमित्र याच धंद्यावर जगतात. काय मागायचं, ते इथे बोलून ठरवावं असं वाटतं. अनुभव असलेल्यांनी मोकळेपणाने लिहा.

पाटोपलीकडे | रविवार, रात्री १०.१५

ताई, वाचून वाईट वाटलं. मी रोज पाटोवर कामाला येतो, खाडीच्या पलीकडून तुमच्या गल्ल्या दिसतात. मला विचाराल तर माणसांआधी गाड्या मोजायला हव्यात. भाड्याची गाडी घेतलेला माणूस '३१ जानेवारी' नावाच्या रस्त्यावर शिरतो, जागा मिळत नाही, म्हणून वळसा घालून पुन्हा शिरतो. गाडीत चौघे, त्यातला एकच फोटो काढायला उतरतो. बाकीचे एसी लावून इंजिन चालू ठेवतात, तेही कुणाच्या तरी खिडकीखाली. हेच चौघे कदंब बसस्थानकाच्या बाजूला गाडी ठेवून खाडी ओलांडून चालत आले असते तर दहा मिनिटं लागली असती आणि तुमच्या आईला त्यांचा फार त्रास झाला नसता.

रहिवाशांच्या, मालाच्या आणि आजाऱ्याच्या गाड्या सोडून बाकी सगळ्यांना सकाळी नऊ ते संध्याकाळी सात आत बंदी. एवढंच मागा. एकच गोष्ट मागितली तर मिळण्याची शक्यता जास्त.

मुठाकाठ | रविवार, रात्री ११.०५

मी पुण्याचा. गेल्या डिसेंबरात तिथे येऊन गेलो. एका घराच्या, काचेऐवजी शिंपले बसवलेल्या खिडकीचा फोटो काढला आणि खिडकी आतून बंद झाली. तेव्हा मला वाटलं वाऱ्याने झाली असेल. आज तुमचा धागा वाचून कळलं, ती कुणीतरी लावून घेतली होती. मनापासून माफी मागतो.

आम्हाला कुणी सांगितलंच नाही की ही राहती घरं आहेत, हेही खरं. फोनवर जे दिसतं ते एखाद्या चित्रपटाच्या सेटसारखं. शनिवारवाड्याला जसं तिकीट आहे तसं इथेही प्रवेशशुल्क लावलं तर? येणारा जरा जपून वागेल आणि देखभालीला पैसाही मिळेल.

आणखी एक सांगावंसं वाटतं. आमच्या पेठांतले वाडे बघ्यांच्या गर्दीने पडले नाहीत. मालक-भाडेकरूंच्या कोर्टकज्ज्यांत छपरं गळत राहिली, भिंती ओल धरून बसल्या, आणि मग एका पावसाळ्यात वाडा गेला. त्या जागी सहा मजले आले. तुमच्याकडे लोक अजून राहताहेत, हे फार मोठं आहे.

वाटाड्या ४०३००१ | सोमवार, सकाळी ७.३०

मी याच गल्ल्यांतून माणसं फिरवतो. माझं पोट त्यावर आहे, म्हणून माझं म्हणणं त्या हिशेबाने वाचा.

माझ्या फेरीत दहाच्या वर माणसं नसतात. दोन तास चालतो. फोंत फेनिक्सच्या झऱ्यापाशी थांबतो, मळ्यातल्या मारुतीच्या पायऱ्या दाखवतो, मग कपेल. कपेलातला क्रूस आधी जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यात होता, नंतर पणजीत आदिलशाही वाड्यात आला आणि १९१८ मध्ये इथे. त्या येशूचे डोळे उघडे आहेत. हे सांगितलं की माणसं आपोआप हळू बोलायला लागतात, मला गप्प करावं लागत नाही. नंतर ती बेकरीत जातात, कुणी पोंय (इथला पाव) घेतं, कुणी जेवायला थांबतं. वस्तीत पैसा राहतो तो अशा माणसाचा.

बसमधून चाळीस जण उतरतात, वीस मिनिटांत तीन भिंतींसमोर फोटो काढतात आणि क्रूझच्या बोटीची वेळ झाली म्हणून पळतात. सोबतच्या माणसाच्या गळ्यात भोंगा. पाण्याची बाटलीसुद्धा ते इथे विकत घेत नाहीत, बसमध्ये खोका असतो. डोकी मोजली तर ते चाळीस आणि माझे दहा. पण गल्लीला होणारा त्रास त्या प्रमाणात नाही, त्याहून पुष्कळ जास्त आहे, कारण चाळीस माणसं एका वेळी एका जागी उभी राहिली की गल्ली बंद होते.

व्हेनिसने २०२४ मध्ये नियम केला, एका गटात जास्तीत जास्त २५ माणसं आणि ध्वनिवर्धक नाही. आपल्या गल्ल्या त्याहून अरुंद. इथे बारा ठेवा. मला चालेल. पण गेटवर तिकीट लावायला माझा विरोध आहे. तिकीट काढलेल्या माणसाला वाटतं, आत जे आहे ते सगळं आपण विकत घेतलंय.

उंबरठा | सोमवार, दुपारी २.१०

गल्लीतली गेस्टहाऊसं म्हणजे सगळ्या दुखण्याचं मूळ, असं बऱ्याचदा ऐकते. म्हणून आमच्या घराचा हिशेब मांडते.

आजोबांचं घर. आपल्याकडे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून मुलगा-मुलगी सारखे वारस. ते योग्यच आहे, मलाही त्यामुळेच वाटा मिळाला. पण आजोबांची पाच मुलं आणि त्यांची मुलं मिळून आज एका घराचे चौदा धनी. निम्मे परदेशात. दर पावसाळ्याआधी कौलं परतायची, फुटकी बदलायची, वासा कुजला असेल तर सुतार शोधायचा. शिंपल्याची खिडकी दुरुस्त करणारा हात आता मिळतच नाही. एका खिडकीसाठी आम्ही दुसरी मोडकी खिडकी खोलून तिच्यातले शिंपले काढून घेतले. भिंत चिऱ्यांची, तिला चुना लागतो. सिमेंट लावलं की ओल आत कोंडते आणि दोन वर्षांत गिलावा फुगतो. हे सगळं पगारातून होत नाही. चौदा धन्यांना विकून टाकायचं होतं. मी चार खोल्या पाहुण्यांना द्यायला काढल्या, १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली रीतसर नोंद केली, आणि खालच्या मजल्यावर मी आणि मावशी राहतो. छप्पर आज शाबूत आहे ते त्या चार खोल्यांमुळे.

माझ्याकडे उतरलेला माणूस सकाळी पोदेराच्या (पाववाल्याच्या) भोंग्याने उठतो. रात्री दहानंतर बोलू नका असं सांगितलं की बोलत नाही, कारण खाली मी आणि मावशी आहोत हे त्याला माहीत असतं. आमच्यापासून दोन घरं सोडून पूर्ण घर भाड्याने देतात. धनी तिथे राहत नाही, दाराला आकड्यांचं कुलूप. रात्री दोनला सहा मित्र त्या कुलपाशी झटापट करतात आणि उठतो आम्ही. या दोन्हींना एका मापाने मोजू नका. घरात राहणारा धनी किंवा त्याचं माणूस असेल तरच परवाना, ही मागणी बैठकीत ठेवाल का?

मळ्याची लेक | सोमवार, रात्री ९.२०

उंबरठाताई, ठेवते. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मुठाकाठ, माफीची गरज नाही, तुम्ही लिहिलंत हेच खूप. पण तिकिटाचा विचार करताना माझी मावशी डोळ्यांसमोर येते. ती म्हापशाहून दर गुरुवारी येते. तिने फाटकावर काय सांगायचं? "बहिणीकडे जातेय", आणि त्याचा पुरावा? पर्रा गावाने २०१९ मध्ये माडांच्या रस्त्यावर फोटो काढायला शुल्क लावलं होतं. गावाचं दुखणं खरं होतं, पण ओरड झाली आणि ते मागे घ्यावं लागलं.

पाटोपलीकडे, गाड्यांचं तुमचं म्हणणं शंभर टक्के पटतं. ते का, ते सांगते. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या आजोबांच्या छातीत दुखायला लागलं. संध्याकाळची वेळ, गल्लीच्या तोंडाशी दोन भाड्याच्या गाड्या समोरासमोर अडकलेल्या, मागे आणखी तीन. रुग्णवाहिका खाडीच्या रस्त्यावर उभी. चौघांनी आजोबांना जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीत बसवलं, छातीला चादर बांधली आणि उचलून नेलं. रस्त्यात एका मुलाने मोबाईल वर केला होता. आजोबा वाचले. ती खुर्ची मात्र त्यांच्या सुनेने परत टेबलाशी लावली नाही, माडीवर नेऊन ठेवली.

कौलारू | मंगळवार, सकाळी ६.५०

फोंड्याहून लिहितोय. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो. जरा लांब होईल.

आधी एक दुरुस्ती, कारण बैठकीत कुणीतरी हे नक्की म्हणेल. फोंताइन्हास युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे असं जिथे तिथे छापलेलं असतं. तसं नाही. १९८६ मध्ये यादीत गेली ती जुन्या गोव्यातली चर्चं आणि मठ. फोंताइन्हासला संरक्षण आहे ते आपल्याच राज्याच्या बांधकाम नियमांतल्या संवर्धन क्षेत्राचं. ते नियम दर्शनी भाग, उंची, छप्पर बघतात. आत माणूस राहतो की नाही, हे कुठलाच नियम बघत नाही. घर आतून पूर्ण पोखरून कॅफे केला आणि बाहेरची भिंत पिवळी ठेवली, तरी कागदावर वारसा सुरक्षित.

आता धाग्याच्या नावाकडे येतो. 'किती माणसं मावतात' याचं उत्तर गणिताने काढता येतं. गल्लीची लांबी-रुंदी, एका माणसाला लागणारी जागा, थांबण्याची सरासरी वेळ. पण येणारा आकडा फसवा असतो, कारण गल्लीत मावणं आणि गल्लीत राहणाऱ्याला सहन होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेच्या वनखात्याने १९८५ मध्ये राखीव रानांसाठी एक पद्धत मांडली, ती मला जास्त कामाची वाटते. किती माणसं चालतील हा प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला आणि विचारलं, इथे काय बिघडलेलं आपल्याला चालणार नाही? ते ठरवायचं, मोजता येईल अशा शब्दांत लिहायचं, दर काही महिन्यांनी मोजायचं, आणि मर्यादा ओलांडली की आधीच ठरवलेला उपाय लागू करायचा.

मळ्याची लेक, तुमच्या दोन गोष्टींतूनच दोन मापं निघतात. रुग्णवाहिका दारापर्यंत किती मिनिटांत येते? आणि दोरीवर कपडे वाळतात का? दुसरं माप मी अगदी गंभीरपणे सांगतोय. ज्या गल्लीत सज्ज्यावर कपडे दिसेनासे झाले तिथे घरं रिकामी झाली असं समजा. रात्री नऊला किती खिडक्यांत दिवा आहे, हे तिसरं.

बाहेरची उदाहरणं लागतील तर दोन देतो. व्हेनिसच्या जुन्या शहरात १९५१ मध्ये सुमारे पावणेदोन लाख लोक राहत होते, आता ५० हजारांहूनही कमी. २५ एप्रिल २०२४ पासून त्यांनी निवडक दिवशी दिवसभरासाठी येणाऱ्यांवर ५ युरो शुल्क लावलं, पुढच्या वर्षी ऐनवेळी नोंदणी करणाऱ्याला १० युरो केलं. जे लोक निघून गेले ते शुल्काने परत येणार नाहीत. त्यांनी उपाय सुरू केला तोवर दिवे विझले होते.

दुसरं सोलचं बुकचोन. टेकडीवरची जुनी कौलारू घरं, उतरत्या गल्ल्या, राहती वस्ती. फोटो बघितलेत तर आपलंच वाटेल. तिथे सगळ्यात गर्दीच्या पट्ट्यात पर्यटकांना सकाळी १० ते संध्याकाळी ५ एवढीच मुभा आहे आणि मार्च २०२५ पासून मोडणाऱ्याला १ लाख वॉन दंड. तिकीट नाही, फाटक नाही. रहिवासी, त्यांचे पाहुणे, दुकानांत आलेले लोक यांना मोकळीक. तुमच्या मावशीचा प्रश्न त्यांनी असा सोडवला. मला फोंताइन्हाससाठी हाच धागा धरावासा वाटतो. सकाळ आणि रात्र घरांची.

फेरीबोट | मंगळवार, दुपारी १.००

कौलारूंनी छान लिहिलं. मी फक्त एवढं सांगते की गर्दी हाताळणं आपल्याला जमत नाही असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ जुन्या गोव्यात सायबाचं, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरचं, शवदर्शन झालं. दहा वर्षांनी येणारा सोहळा. मी दिवाडीहून फेरीबोटीने जात होते. गाड्या लांब ठेवायच्या, पुढे बसने, मग रांग, रांगेत सावली, पाणी, म्हाताऱ्यांना वेगळी वाट. तिथे दीड महिना झालं ते इथे शनिवार-रविवारी तरी का होऊ नये?

मुठाकाठ | मंगळवार, संध्याकाळी ६.३०

तिकिटाचं म्हणणं मागे घेतो. मावशीचं उदाहरण पुरेसं आहे.

शूटसाठी मात्र पैसे घ्यायलाच हवेत असं वाटतं. हातातल्या फोनने फोटो काढणारा वेगळा आणि पडदे, दिवे, कपडे बदलायला गाडी घेऊन येणारा वेगळा. दुसरा धंदा करतोय. आधी नोंद, ठरलेली वेळ, आणि ज्या घरासमोर उभं राहायचं त्या घराची लेखी परवानगी. पैसा त्या गल्लीतल्या छपरांसाठी.

वाटाड्या ४०३००१ | मंगळवार, रात्री ८.१५

लेखी परवानगी हवीच. २०२३ च्या जानेवारीत पर्यटन खात्याने सूचना काढली होती की अनोळखी माणसांचे, विशेषतः उन्हात पहुडलेल्यांचे, न विचारता फोटो काढू नका. किनाऱ्यावरच्या पाहुण्याला जो मान, तो खिडकीत बसलेल्या आजीलाही मिळायला हवा. सूचना तयार आहे, तिच्यात एक ओळ वाढवायची.

आणि एक वाटून गेलं. २००० नंतरच्या त्या पहिल्या काही वर्षांत इथे फोंताइन्हासचा कलामहोत्सव व्हायचा. घरांचे दर्शनी दिवाणखाने चित्रांसाठी उघडलेले, आणि दारात त्या घरची माणसं. मी तेव्हा शाळेत होतो. गर्दी होतीच, पण कुणी कुणाच्या पायरीवर न विचारता बसलेलं मला आठवत नाही. घरच्यांनी आत बोलावलेलं होतं, म्हणून असेल.

उंबरठा | मंगळवार, रात्री ९.००

भाडेकरूंचंही मांडा. मळ्याची लेक स्वतः भाडेकरू आहे म्हणून ती बोलणार नाही, मी बोलते. १९६८ च्या भाडेनियंत्रण कायद्याखालची जुनी भाडी इतकी कमी आहेत की धनी दुरुस्ती करत नाही, आणि भाडेकरू करायला घाबरतो, उद्या घर गेलं तर काय. घर मोडकळीला आलं की कॅफेवाला चेक घेऊन उभा. शूटचा पैसा जमलाच तर पहिला हक्क अशा घरांच्या छपराला द्या, अट एकच, राहणारा तिथेच राहील.

मळ्याची लेक | बुधवार, रात्री १०.३०

सगळं वहीत उतरवलं. बैठकीत पाच गोष्टी मांडणार. सकाळी १० आधी आणि संध्याकाळी ६ नंतर गट नकोत. गटात बारा, भोंगा नाही. बाहेरच्या गाड्या खाडीपलीकडे. शूटला घरची लेखी परवानगी आणि शुल्क. धनी किंवा त्याचं माणूस राहत असेल तरच पाहुण्यांचा परवाना. पाचही मिळणार नाहीत हे माहीत आहे. गाड्यांचं मिळेपर्यंत मी उठणार नाही.

पण रिकाम्या हाताने गेले तर "ताई, तुम्हाला वाटतं तेवढी गर्दी नाही" असं ऐकावं लागेल. म्हणून येत्या शनिवारी आणि रविवारी मोजणी करायची आहे. गल्ल्यांच्या चार तोंडांशी चार जण, सकाळी साडेसात ते रात्री नऊ, दोन पाळ्यांत. आत येणारी माणसं, गट, गाड्या, थांबलेली इंजिनं. रात्री नऊला एक फेरी, दिवा असलेल्या खिडक्या मोजायला. पुन्हा पावसाळ्यात एकदा, म्हणजे फरक कळेल.

आईला हे सगळं वाचून दाखवलं. तिने विचारलं, कपडे मोजायला कोण येणार? मी म्हटलं, मीच. म्हणाली, मग शनिवारी चादरी धुते.

पाटोपलीकडे | बुधवार, रात्री १०.४५

खाडीच्या बाजूचं तोंड माझं. सकाळची पाळी.

वाटाड्या ४०३००१ | बुधवार, रात्री ११.१०

शनिवारी मला दोन फेऱ्या आहेत, रविवारी पूर्ण दिवस देतो. कपेलाकडचं तोंड घेतो. माझे दहा जणही मोजायचे, सोडायचे नाहीत.

कौलारू | गुरुवार, सकाळी ६.३०

पंधरा मिनिटांच्या रकान्यांचा तक्ता करून पाठवतो, म्हणजे चौघांचं मोजमाप जुळेल. मीटरपट्टी घेऊन मीही येतो. रुग्णवाहिका जिथे अडली ती जागा नेमकी किती रुंद आहे ते लिहून घेऊ. ती खुर्ची जिथून निघाली आणि जिथपर्यंत नेली, ते अंतरही.